प्रश्न लहान करा: नीतिशास्त्र आणि लोकशाही या क्षेत्रात तत्त्वज्ञ म्हणून उभं राहताना

या वाटेला येणाऱ्या बहुतेकांकडे सुरुवातीला एक मोठी अस्वस्थता असते. बहुमत उघड चुकत असेल तर काय करायचं? पैसेवाल्याचा आवाज मोठा का? न पटलेला कायदा मी का पाळायचा? ही अस्वस्थता हवीच, तिच्याशिवाय इतकी वर्षं कुणी टिकत नाही. पण प्रबंध उभा राहतो, शोधनिबंध छापून येतो, नेमणूक मिळते ती अस्वस्थतेतून काढलेल्या एका लहान, नेमक्या आणि खरोखर वादग्रस्त प्रश्नावर. हे काढणं शिकता येतं. खाली लिहिलेलं बरंचसं त्याच्याभोवती फिरतं.

पाया

पदवीची तीन-चार वर्षं, पदव्युत्तर शिक्षणाची एक-दोन आणि पीएच.डी.ची तीन ते सहा, कधी त्याहून जास्त, असा हिशेब धरा. पदवीपासूनच तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली, तर्कशास्त्र: विधेय तर्कापर्यंत (‘सर्व’, ‘काही’ अशी विधानं चिन्हांत मांडणारं तर्कशास्त्र) तरी. दुसरी, नीतिशास्त्राच्या मुख्य घराण्यांची ओळख: परिणामवाद (कृती परिणामांवरून जोखणारा), कर्तव्यवाद (कर्तव्य आणि नियमांवरून), सद्गुणवाद (चारित्र्यावरून) आणि करारवाद (सर्वांना मान्य होईल अशा करारावरून). या प्रत्येकाची बाजू त्याचा अनुयायी मांडेल तशी मांडता आली पाहिजे. तिसरी, राजकीय तत्त्वज्ञानाचा इतिहास मूळ ग्रंथांतून: प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, हॉब्ज, रूसो, मिल. सारांश वाचून काम भागेल असं वाटतं, पण तिथेच घोडं पेंड खातं. प्लेटोची जहाजाची उपमा (राज्य म्हणजे जहाज, आणि सुकाणू कुणाच्या हाती यावर भांडणारे खलाशी) सगळ्यांना माहीत असते. पण त्याचा आक्षेप मतदारांच्या अज्ञानावर आहे की त्यांना नादी लावणाऱ्यांवर, हे मूळ उतारा वाचल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पुढचा सगळा वाद त्यावर ठरतो.

विसाव्या शतकातले चार टप्पे ओलांडल्याशिवाय आजचा कोणताही लेख नीट कळणार नाही. अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटरने १९४२ साली लोकशाहीकडे नेत्यांची मतांसाठीची स्पर्धा म्हणून पाहिलं. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅरोने १९५१ साली दाखवलं की मतदारांच्या पसंतीक्रमांवरून समाजाचा एक सुसंगत क्रम काढायचा तर काही साध्या, रास्त वाटणाऱ्या अटी एकत्र पाळता येत नाहीत. रॉल्सचा न्यायाचा सिद्धांत १९७१ साली ग्रंथरूपात आला. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासने १९९२ साली कायद्याची अधिमान्यता (तो पाळणं रास्त ठरवणारा आधार) विचारविमर्शाशी जोडली. यांच्या जोडीला अमेरिकन तत्त्वज्ञ ड्यूई आणि आंबेडकर वाचा. लोकशाही हा केवळ राज्यकारभाराचा प्रकार नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार ड्यूईने १९१६ साली मांडला आणि आंबेडकरांनी १९३६ साली तो जातिव्यवस्थेला भिडवला. मतपेटीपाशीच थांबणाऱ्या सिद्धांतांना काय दिसत नाही, हे या दोघांकडून कळतं.

वाचायची पद्धतही सांगायला हवी. एक लेख तीनदा वाचा. पहिल्यांदा अर्ध्या तासात, फक्त निष्कर्ष शोधण्यासाठी. दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन, युक्तिवाद क्रमांक घातलेल्या विधानांत उतरवत: ही गृहीतकं, हा निष्कर्ष. तिसऱ्यांदा त्यातलं कोणतं विधान नाकारता येईल ते पाहत. हे सगळं एका पानात बसवा आणि पान जपून ठेवा. अशी दोनशे पानं जमली की प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिताना पुन्हा ग्रंथालयात सुरुवातीपासून शोधावं लागत नाही.

प्रश्न लहान कसा करायचा

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

सुरुवात अशी होते: ‘लोकशाही चांगली का?’ यावर प्रबंध होत नाही. ग्रंथमालाही पुरणार नाही. एक पायरी खाली: ‘विषयाची माहिती नसलेल्या माणसालाही समान मत का?’ आता निदान एक प्रतिपक्षी दिसू लागला. मिलने १८६१ साली सुशिक्षितांना एकाहून जास्त मतं द्यावीत असं सुचवलं होतं. त्याला दिलेलं एक प्रभावी उत्तर आजचे तत्त्वज्ञ डेव्हिड एस्टलंड यांचं आहे: एखाद्याला जास्त कळतं एवढ्यावरून त्याला इतरांवर हुकूम चालवण्याचा अधिकार मिळत नाही. जाणकारी आणि अधिकार यांच्यामध्ये दरी आहे, आणि ती भरायला वेगळं कारण लागतं.

इथे थांबून बहुतेक विद्यार्थी ‘मिल विरुद्ध एस्टलंड’ असा प्रबंध लिहितात. तो तुलनेचा प्रबंध होतो, त्यात स्वतःचं म्हणणं नसतं. अजून एक पायरी उतरा. आपण व्याजदर ठरवण्याचं काम केंद्रीय बँकेतल्या जाणकारांकडे देतो आणि त्यात फारसं काही वावगं मानत नाही. मग प्रश्न असा होतो: ‘जाणकारांना जादा मत देणं गैर, पण एका विषयापुरता निर्णय त्यांच्याकडे सोपवणं रास्त, असं एकाच वेळी म्हणता येईल का? येत असेल तर फरक कशात आहे: अधिकार परत काढून घेता येतो यात, तो एका विषयापुरता आहे यात, की तो देताना सर्वांचं मत समान धरलं होतं यात?’

आता तुमच्या हातात आठ हजार शब्दांचा प्रश्न आहे. त्याला तीन संभाव्य उत्तरं आहेत, प्रत्येकाची परीक्षा करता येते, आणि उत्तर काहीही आलं तरी कुणाला तरी आपलं मत बदलावं लागेल. ही शेवटची कसोटी सगळ्यात महत्त्वाची. तुमचं म्हणणं खरं ठरलं तर नेमक्या कुणाची अडचण होते, हे नावानिशी सांगता येत नसेल तर प्रश्न अजून लहान झालेला नाही.

उलट चूकही होते. प्रश्न इतका बारीक होतो की तो एका लेखातल्या एका तळटीपेवरचा खुलासा उरतो. त्याला उपाय असा: निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात मोठ्या अस्वस्थतेपासून या प्रश्नापर्यंतच्या पायऱ्या चार वाक्यांत लिहून पाहा. मधली एखादी पायरी लिहिताच येत नसेल तर धागा तिथे तुटला आहे.

थोडं गणित, थोडी वस्तुस्थिती

लोकशाहीवर लिहिणाऱ्याला गणित टाळून चालत नाही. लागतं तेवढं शाळेच्या संभाव्यतेइतकं. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्सेचा बहुमताबद्दलचा १७८५ चा सिद्धांत घ्या. होय-नाही अशा प्रश्नावर प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि मतं एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरा. तीन मतदारांचं बहुमत बरोबर ठरण्याची शक्यता: तिघेही बरोबर ०.२१६, नेमके दोघे बरोबर ०.४३२, बेरीज ०.६४८. म्हणजे ६० वरून जवळपास ६५ टक्के. मतदार १०१ केले तर ती सुमारे ९८ टक्क्यांवर जाते. ‘समूह शहाणा असतो’ या म्हणण्यामागचा हा कणा.

हाच हिशेब ४० टक्के धरून करा. तिघांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता ०.३५२, म्हणजे एकट्या मतदारापेक्षाही कमी. आणि १०१ जणांचं बहुमत जवळजवळ नक्कीच चुकतं. शिवाय सगळे जण एकाच ठिकाणची बातमी वाचून मत देत असतील तर १०१ मतं ही खऱ्या अर्थाने १०१ नसतातच. हा सिद्धांत नुसता उद्धृत करून लोकशाहीचं समर्थन करणारे निबंध परत येतात ते याचमुळे: ‘निम्म्याहून जास्त’ आणि ‘परस्परावलंबी नाहीत’ या दोन अटी खऱ्या मतदारांना लागू का पडतात, हे लिहिलेलंच नसतं.

वस्तुस्थितीचंही तसंच. चिठ्ठी टाकून निवडलेल्या नागरिकसभांवर लिहायचं असेल तर निदान दोन-तीन सभांचे तपशील तोंडपाठ हवेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००४ साली १६० नागरिकांच्या सभेने निवडणूक पद्धत बदलण्याची शिफारस केली. २००५ च्या सार्वमतात तिला ५७.७ टक्के मतं पडली, पण ६० टक्क्यांची अट असल्याने ती बारगळली. आयर्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष अशी सभा बसली. गर्भपातावरच्या तिच्या शिफारशीनंतर मे २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि घटनेतली बंदी उठली. पहिल्या उदाहरणात तत्त्वज्ञासाठी एक सुंदर प्रश्न दडला आहे: बदलासाठी ६० टक्के मागणं म्हणजे ‘आहे ते चालू द्या’ म्हणणाऱ्याच्या मताला जास्त वजन देणं. समान मताच्या तत्त्वाला हे चालतं का?

मात्र ‘असं घडतं’ यावरून ‘असं घडावं’ हे आपोआप निघत नाही. आकडे आले की नेमकं कोणतं मूल्यविधान त्यांना निष्कर्षाशी जोडतं, ते वेगळ्या ओळीत लिहा. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

मार्गदर्शक

नावाजलेल्या माणसापेक्षा मसुदा वाचणारा माणूस निवडा. अर्ज करण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा: प्रकरण दिल्यावर अभिप्राय किती दिवसांत येतो, गेल्या काही वर्षांत किती जणांनी प्रबंध पुरा केला, आणि मार्गदर्शकाशी मतभेद असलेला प्रबंध कुणी लिहिला आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर नीट विचार करा. आणखी एक गोष्ट: प्रबंध तपासणाऱ्या समितीतली निदान एक व्यक्ती राज्यशास्त्र किंवा कायद्यातली असावी. तत्त्वज्ञ आपसात गृहीत धरून चालतात त्या गोष्टी तीच पकडते.

पहिला शोधनिबंध

प्रबंधाचं प्रकरण कापून निबंध करण्याचा मोह टाळा. प्रकरणात तुम्ही समितीला दाखवत असता की सगळं वाचलं आहे. निबंधात वाचकाला फक्त एवढंच सांगायचं असतं की हा मुद्दा आजवर कुणी नीट पाहिला नाही. साधारण आठ ते दहा हजार शब्दांची मर्यादा असते, प्रत्येक नियतकालिकाची वेगळी. ती तंतोतंत पाळा.

मांडणीसाठी आपल्याकडची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची (आधी विरोधकाची बाजू, मग आपलं उत्तर) शिस्त अतिशय उपयोगी आहे. आधी पूर्वपक्ष असा लिहा की त्याच्या पुरस्कर्त्यालाही वाटावं, यापेक्षा चांगलं मलाही जमलं नसतं. मग त्याचं नेमकं एक विधान निवडा आणि ते का टिकत नाही ते दाखवा. मग तुमच्या उत्तरावर येऊ शकणारा सगळ्यात जड आक्षेप स्वतःच घ्या. दुबळे तीन आक्षेप घेऊन त्यांना झटकण्यापेक्षा जड एक घ्यावा. तो पूर्ण सुटला नाही तर किती सुटला ते लिहावं. निष्कर्ष आवरता घेतलेला चालतो. फुगवलेला चालत नाही.

परिषदेत हा मजकूर आधी मांडून घ्या. गोषवारा ३०० ते ५०० शब्दांचा असतो, आणि त्यात निष्कर्ष आलाच पाहिजे. ‘या निबंधात मी अमुकची चर्चा करणार आहे’ अशा वाक्यांवर निवड होत नाही. वीस मिनिटांत सावकाश बोलत साधारण अडीच हजार शब्द वाचून होतात, म्हणजे निबंधाचा चौथा हिस्सा. ऐकणाऱ्यांना क्रमांकित युक्तिवादाचं एक पान द्या. प्रश्न त्या पानावरच्या क्रमांकाला धरून येऊ लागले की समजा, म्हणणं पोचलं. प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत टिपून ठेवा. दोघांनी एकच प्रश्न विचारला तर तो परीक्षकही विचारणार.

कुठे पाठवायचं? तुमच्या संदर्भसूचीत जे नियतकालिक सर्वाधिक वेळा येतं, तिथून शोध सुरू करा. ‘एथिक्स’ १८९० पासून चालू आहे, ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ १९७१ पासून, ‘जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी’ १९९३ पासून. पण केवळ जुन्या नावावर विसंबू नका. आज संपादक मंडळात कोण आहे ते पाहा. २०२३-२४ मध्ये यातल्या शेवटच्या दोन नियतकालिकांचे संपादक प्रकाशकाशी झालेल्या वादानंतर बाहेर पडले आणि त्यांनी ‘पोलिटिकल फिलॉसॉफी’ आणि ‘फ्री अँड इक्वल’ ही सर्वांना मोफत वाचता येणारी नियतकालिकं काढली. पाच वर्षांपूर्वीची यादी वापरणाऱ्याला हे कळत नाही.

पाठवण्याआधी फाइल निनावी करा. यात चुका फार होतात. शीर्षकाखालचं नाव काढलं जातं, पण ‘मी इतरत्र दाखवल्याप्रमाणे’ तसंच राहतं. आभाराची तळटीप राहते. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं. मार्जिनमधल्या टिपणांत मार्गदर्शकाचं नाव दिसतं. स्वतःच्या जुन्या लेखाचा उल्लेख तिसऱ्या माणसाचा असावा तसा करा.

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचं, हा नियम सर्वत्र आहे आणि तो मोडल्यास दोन्हीकडून नाव खराब होतं. उत्तराला तीन ते सहा महिने सहज लागतात, कधी वर्षही. चांगल्या नियतकालिकांत बहुसंख्य निबंध नाकारले जातात, त्यातले कितीतरी परीक्षकापर्यंत न जाता संपादकाकडूनच. म्हणून पाठवतानाच पुढची दोन नावं ठरवून ठेवा. नकार आला की अभिप्राय वाचा, दोन आठवड्यांत पटलेल्या दुरुस्त्या करा, पुढे पाठवा. नकाराचं पत्र खणात ठेवून वर्ष घालवणं हीच खरी हानी.

‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा’ असं उत्तर आलं तर ती मोठी आनंदाची बातमी आहे. त्यासोबतचं पत्र निबंधाइतक्याच काळजीने लिहा. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा त्याच्याच शब्दांत, खाली तुम्ही काय केलं ते, आणि पान क्रमांक. न पटलेल्या मुद्द्याला असं उत्तर द्या: ‘परीक्षक २ यांचा आक्षेप असा की अधिकार काढून घेता येणं हे प्रत्यक्षात नावापुरतंच असतं. हे बऱ्याच अंशी मान्य आहे. म्हणून पान १४ वर दावा आवरता घेतला असून, काढून घेण्याची वाट प्रत्यक्षात खुली असेल तेवढ्यापुरताच तो लागू ठेवला आहे. मूळ युक्तिवादाला मात्र याने बाधा येत नाही, कारण त्याचं तिसरं विधान या दाव्यावर अवलंबून नाही.’ नुसतं ‘परीक्षकाचा गैरसमज झाला आहे’ असं लिहू नका. गैरसमज झाला असेल तर वाक्य तुमचं होतं, ते बदला.

नोकरीचा अर्ज

अर्जात साधारणपणे दोन पानांच्या आतलं पत्र, परिचयपत्र (सीव्ही), वीस-तीस पानांचा लेखननमुना, संशोधनाचं निवेदन, अध्यापनाचं निवेदन आणि तीन शिफारसपत्रं लागतात. परिचयपत्रात ‘विशेष क्षेत्र’ आणि ‘शिकवण्याची क्षेत्रं’ वेगळी लिहितात. पहिल्यात एक किंवा दोन, दुसऱ्यात तीन-चार. ‘लोकशाहीचं नीतिशास्त्र’ एवढंच लिहिणाऱ्याला विभाग विचारतो, पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र कोण शिकवणार? वैद्यकीय नीती, तंत्रज्ञानाची नीती, कायद्याचं तत्त्वज्ञान यांपैकी एक अभ्यासक्रम आठवडेवार आखून, वाचनासकट तयार ठेवा. मुलाखतीत पान पुढे करता आलं की बोलणं सोपं होतं.

शिफारसपत्रांसाठी किमान सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत लेखननमुना, परिचयपत्र आणि अंतिम तारखांची यादी द्या. तीनपैकी एक पत्र तरी तुमच्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाचं असावं. त्यासाठी परिषदेत भेटलेल्या कुणाला तरी वर्षभर आधीपासून तुमचं लेखन वाचायला दिलेलं असायला हवं.

निवड समितीपुढच्या व्याख्यानात प्रबंधाचा गोषवारा सांगू नका. एक युक्तिवाद घ्या. समोर ग्रीक तत्त्वज्ञानाचे, मनाच्या तत्त्वज्ञानाचे लोक बसलेले असतात. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न समजला नाही तर उरलेली चाळीस फुकट जातात.

वर्गात

लोकशाहीची नीती शिकवताना विद्यार्थ्यांची राजकीय मतं वर्गात येतातच. ती दाबू नका, पण गुण मतावर नसून युक्तिवादावर आहेत हे लेखी निकषांत पहिल्याच दिवशी द्या. उदाहरणार्थ, प्रतिपक्षाची मांडणी ३०, स्वतःचा युक्तिवाद ४०, आक्षेप आणि उत्तर २०, भाषा १०. निबंध नाव झाकून तपासा. चालू निवडणुकीचं उदाहरण घेण्याऐवजी त्याच रचनेचं दुसरं घ्या: गृहनिर्माण संस्थेची सभा, न्यायाधीशांचं पीठ. तीन न्यायाधीशांतला पहिला म्हणतो करार झाला आणि तो मोडला, दुसरा म्हणतो करार झाला पण मोडला नाही, तिसरा म्हणतो करार झालाच नव्हता, पण असता तर या वागण्याने तो मोडला असता. ‘करार झाला’ याला बहुमत, ‘मोडला’ यालाही बहुमत, आणि ‘प्रतिवादी दोषी’ याला मात्र एकच मत. फळ्यावर हे तीन ओळी आणि तीन रकान्यांत काढलं की विद्यार्थी पक्ष विसरून रचनेवर वाद घालू लागतात.

सार्वजनिक काम आणि इतर वाटा

वर्तमानपत्रात लिहिणं, शासकीय समितीत बसणं, रुग्णालयाच्या किंवा संशोधनाच्या नीतिसमितीत काम करणं, हे सगळं या क्षेत्रातल्या माणसाकडे लवकर येतं. घ्या, पण दोन पथ्यं पाळा. कुणाचे पैसे घेतले असतील तर ते आधी जाहीर करा. आणि जिथे तुम्ही तज्ज्ञ म्हणून बोलत आहात आणि जिथे नागरिक म्हणून, ती सीमा वाक्यात दिसू द्या. जाणकारीवरून अधिकार मिळत नाही, हे तुमच्याच क्षेत्राचं म्हणणं आहे.

कायम नेमणुका थोड्या आणि अर्जदार फार, ही परिस्थिती सर्वत्र आहे. पीएच.डी.नंतर एक ते तीन वर्षांच्या मुदतीच्या जागांवरून फिरावं लागतं. म्हणून मुदत आधी ठरवून लिहून ठेवा: किती वर्षं, किती शहरं, किती अर्जांच्या फेऱ्या. ती घरच्यांना आणि मार्गदर्शकाला सांगा, म्हणजे ती गुपचूप पुढे ढकलता येणार नाही. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातच एखाद्या नीतिसमितीत, धोरण-संशोधन संस्थेत किंवा संसदीय अभ्यासगटात काही महिने काम करून पाहा. तिथे आठ हजार शब्द कुणी वाचत नाही; दोन पानांत पर्याय, प्रत्येकाची किंमत आणि शिफारस मागतात. केंद्रीय बँकेचा तो प्रश्न दोन पानांत लिहून बघा. जमला तर दोन्ही वाटांची तयारी एकदम होते, आणि जमला नाही तर निबंधातली कोणती पायरी कच्ची आहे तेही कळतं.